नोकरी गेल्यावर अभ्यासिकेतली खुर्ची घ्यावी का?

नोकरी नसलेल्या माणसाबद्दल मराठीत 'तो सध्या घरी बसलाय' असं म्हणतात. आजारी माणूस घरी पडून असतो, निवृत्त झालेला आराम करतो, नोकरी गेलेला मात्र घरी बसतो. रोज दहा अर्ज करणारा, तीन-तीन मुलाखती देणाराही या एका क्रियापदातून सुटत नाही. महिना हजार-बाराशे रुपये भरून अभ्यासिकेत खुर्ची घेणारा माणूस या वाक्यातला फक्त 'घरी' हा शब्द बदलत असतो. बसणं तेच राहतं. तेवढ्या बदलानं काय मिळतं, काय मिळत नाही आणि पैसे भरण्याआधी काय तपासावं, ते इथे लिहिलं आहे.

अभ्यासिका हा धंदा मुळात स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी उभा राहिला. पुण्यात सदाशिव, नारायण, शनिवार आणि नवी पेठ या भागांत जुन्या इमारतींचे मजलेच्या मजले लाकडी पार्टिशनांनी भरलेले आहेत. आता नाशिक, लातूर, छत्रपती संभाजीनगरपासून तालुक्याच्या गावापर्यंत हेच दिसतं. सोय ठरलेली: एक टेबल, एक खुर्ची, दिवा, चार्जिंगचा पॉइंट, वायफाय, पिण्याचं पाणी आणि शांतता. हे सगळं बाविशीतल्या मुलाचा दिवस धरून रचलेलं असतं. चाळिशीतल्या माणसाचा दिवस वेगळा असतो आणि अडचणी तिथूनच सुरू होतात.

निकाल आधीच सांगतो. खुर्ची घ्यावी. मात्र एकदम तीन-सहा महिन्यांचे पैसे भरून घेऊ नये, चोवीस तासांची घेऊ नये, आणि घरातल्या एका तरी माणसाला नोकरी गेल्याचं सांगितल्याशिवाय घेऊ नये.

पगार थांबला की पैसे कमी पडतात, हे सगळ्यांना कळतं. दुसरं काय जातं ते कळायला महिना लागतो. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाची गिरणीची वस्ती होती. १९३० मध्ये गिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खी वस्ती एकदम बेकार झाली. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझल यांनी सहकाऱ्यांसह तिथे अभ्यास केला. तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांकडे वेळच वेळ होता, वाचनालयाची वर्गणीही माफ झाली होती, तरी दोन वर्षांत पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. पुरुष रस्त्यानं हळू चालू लागले, मधेच थांबू लागले. दिवसभर काय केलं ते लिहून द्या म्हटल्यावर त्यांना उठणं, दुपारचं जेवण आणि झोपणं एवढंच धडपणे आठवे. मधले तास कुठे गेले, ते सांगता येत नव्हतं. पुढे याहोदांनी मांडलं की पगाराखेरीज नोकरी आणखी पाच गोष्टी देते: दिवसाला आखणी, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, आपल्यापेक्षा मोठ्या कामात सहभाग, समाजात ओळख आणि हाताला नियमित काम. अभ्यासिका यातलं काय परत देते, हेच तिचं खरं मोजमाप. एसी किती थंड आहे, हे नंतर बघता येईल.

दिवसाची आखणी ती चोख देते. साडेनऊला घरातून निघायचं म्हटलं की आठला उठावं लागतं, दाढी-अंघोळ होते, डबा भरला जातो. नोकरी गेल्यावर सगळ्यात आधी झोप बिघडते. रात्री दोनपर्यंत मोबाइल, सकाळी दहाला उठणं, मग दिवस वाया गेल्याची टोचणी आणि त्या टोचणीनं पुन्हा रात्री जागरण. उठायची वेळ धरून ठेवली तर हे चक्र बरंच सैल होतं. म्हणूनच चोवीस तास उघडी जागा नोकरी गेलेल्या माणसाला वाईट. परीक्षेच्या मुलाला रात्र हवी असते. तुम्हाला बंद होणारं दार हवं.

बऱ्याच ठिकाणी अर्ध्या दिवसाची शिफ्ट मिळते. एकच घ्यायची ऐपत असेल तर सकाळची घ्यावी. दुपारी दोन ते सहा हे घरातले सगळ्यात जड तास, हे खरं आहे: गल्ली रिकामी, मुलं शाळेत, शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या की 'आज सुट्टी का?' पण सकाळ सांभाळली तर दुपारसाठी सार्वजनिक वाचनालयाचा वृत्तपत्र विभाग असतो. मुक्तद्वार वाचनालयात आत जायला सभासद व्हावं लागत नाही, पंखा असतो, चार पेपर असतात आणि तिथे बसलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही. तालुक्याच्या गावी सरकारी वर्गवारीतलं चांगलं 'अ' वर्गाचं वाचनालय असेल तर आधी तिथेच चौकशी करावी. काही वाचनालयं आणि नगरपालिका स्वतःच्या अभ्यासिका फार कमी शुल्कात चालवतात. मात्र त्यातल्या काही विद्यार्थ्यांसाठीच राखीव असतात, वयाचा किंवा महाविद्यालयाचा पुरावा मागतात. काउंटरवर सगळ्यांसमोर नकार ऐकण्यापेक्षा हे आधी फोनवर विचारलेलं बरं. या दिवसांत एवढासा नकारही फार लागतो.

पुण्याच्या पेठांमध्ये साध्या जागेला महिन्याला साधारण आठशे ते बाराशे रुपये पडतात, एसीला दीड-दोन हजारांपर्यंत, शिवाय परत मिळणारी पाचशे-हजारांची अनामत. लॉकर बहुधा वेगळा. तीन किंवा सहा महिन्यांचं पॅकेज स्वस्त पडतं आणि मालक तेच पुढे करतात. ते नको, आणि कारण पैशाचं नाही. सहा महिन्यांची पावती खिशात असलेला माणूस मनातल्या मनात सहा महिने बेकार राहायची तयारी करून बसतो. महिन्याचे पैसे महिन्याला भरावेत. शंभर-दीडशे रुपये जास्त गेले तरी चालतील.

पैसे भरण्याआधी एक दिवस फुकट किंवा दिवसाचे पैसे देऊन बसून पाहावं, तेही सकाळी अकराला, हॉल भरलेला असताना. टेबलाची रुंदी हाताने मोजावी. दोन फुटांचं टेबल पुस्तकाला पुरतं. लॅपटॉप, वही आणि पाण्याची बाटली ठेवायची तर अडीच फूट लागतात. प्लास्टिकच्या खुर्चीवर तासाभरात कंबर धरते. खुर्ची स्वतःची उशी टाकून सुधारता येते, टेबल नाही. चार्जिंगचा पॉइंट सैल नाही ना, हे प्लग लावूनच बघावं. वायफाय सगळे जोडलेले असताना तपासावं आणि डाउनलोडऐवजी अपलोडचा आकडा पाहावा, कारण मुलाखतीचं चित्र त्यावर जातं. दोन-तीन एमबीपीएस स्थिर मिळाले तर पुरे. स्वच्छतागृह पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. खिडकीचा विचारही करावा: बहुतेक हॉल खिडक्या झाकून, ट्यूबलाइटवर चालतात. सहा तास उन्हाचं तोंड न पाहता बसणारं मन आधीच कोमेजलेलं असेल तर आणखी कोमेजतं. खिडकीजवळची खुर्ची गरम होते म्हणून मुलं टाळतात. ती मागून घ्यावी.

आता या सेवेतला सगळ्यात मोठा दोष. अभ्यासिकेत बोलता येत नाही. परीक्षा देणाऱ्याचं त्यानं काहीच अडत नाही. नोकरी शोधणाऱ्याचं सगळं फोनवर अवलंबून असतं. कन्सल्टंटचा फोन न सांगता येतो. माणूस फोन उचलून दबक्या आवाजात 'एक मिनिट हं' म्हणत जिन्याकडे धावतो. जिन्यात दोन मुलं पाठांतर करत असतात, खाली दुचाकी सुरू होत असते, आणि त्या गोंधळात सध्याचा पगार, अपेक्षित पगार, नोकरी का सोडली यांची उत्तरं द्यावी लागतात. 'नोकरी का सोडली' या प्रश्नाला धापा टाकत दिलेलं उत्तर ऐकणाऱ्याला खोटं वाटतं. म्हणून जागा निवडताना खुर्चीइतकीच फोनची जागा शोधावी: गच्ची, मागची गल्ली, जवळचं देऊळ, काहीही, पण एका मिनिटात पोहोचता येईल असं. अनोळखी नंबर असेल तर तिथल्या तिथे बोलू नये. 'पंधरा मिनिटांत मी फोन करतो' हे वाक्य तयार ठेवावं, त्यात कमीपणा नाही. ती पंधरा मिनिटं कोणत्या कंपनीला कोणता बायोडेटा पाठवला ते वहीत बघायला लागतातच. ही वही हवीच: तारीख, कंपनी, पद, कोणामार्फत, पुढचा फोन कधी. चाळीस अर्जांनंतर कोणालाही आठवत नाही, आणि समोरच्याला 'कुठली कंपनी म्हणालात?' विचारलं की तो फोन तिथेच संपतो.

व्हिडिओवरच्या मुलाखतीला अभ्यासिका अजिबात चालत नाही. त्या दिवशी घर रिकामं करून घ्यावं, मित्राचं ऑफिस मागावं किंवा को-वर्किंगमध्ये, म्हणजे भाड्यानं मिळणाऱ्या सामाईक ऑफिसात, बंद खोली तासावर घ्यावी. महिन्याच्या खर्चात अशा दोन-तीन तासांची तरतूद पहिल्यापासून धरावी. नाहीतर ऐन वेळी चारशे-पाचशे रुपये जिवावर येतात आणि मुलाखत गाडीत बसून दिली जाते.

माणसांच्या सहवासाबाबत अभ्यासिका फसवी आहे. शंभर माणसं शेजारी असतात आणि दिवसभरात एक शब्द बोलला जात नाही. ऑफिसातला सहवास खरं तर निरर्थक वाटणाऱ्या बोलण्यात होता: चहा घेतलास का, लिफ्ट बंद आहे, कालची मॅच. ते अभ्यासिकेत फक्त खालच्या चहाच्या टपरीवर मिळतं. म्हणून चहा थर्मासमध्ये आणू नये. अकरा आणि चारला खाली उतरावं, दहा रुपये खर्चावेत. ते दहा रुपये वाचवणं ही या काळातली सगळ्यात चुकीची काटकसर.

टपरीवर आणखी एक गोष्ट लक्षात येते. तिथल्या बहुतेक मुलांनाही नोकरी नसते, कोणाला चार वर्षं, कोणाला सहा. पण 'काय करतोस?' म्हटलं की ती म्हणतात, 'तयारी करतोय.' हा शब्द फार मोठा आधार आहे. पूर्व, मुख्य, मुलाखत अशा पायऱ्या, कटऑफ, पुढची जाहिरात. राज्यसेवेला खुल्या गटासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षांची मर्यादा आहे, तोवर हा शब्द ओळख पुरवत राहतो. मर्यादा संपते त्या दिवशी तो एकदम काढून घेतला जातो, आणि त्या मुलाचं दुःख नोकरी गेलेल्या माणसाला जितकं कळेल तितकं दुसऱ्या कोणाला कळणार नाही. कंपनीनं कमी केलेल्या माणसाकडे असा शब्दच नसतो. म्हणून एक खरं, छोटं वाक्य ठरवून ठेवावं: 'आमचा विभाग बंद झाला, मी दुसरीकडे बघतोय.' लग्नात, जिन्यात, शाळेच्या पालकसभेत तेच वाक्य म्हणावं. दर वेळी नवं उत्तर शोधण्यानं जितकं थकायला होतं, तितकं प्रश्नानं होत नाही.

मुलं 'सर' किंवा 'काका' म्हणतील. पहिल्या आठवड्यात ते टोचतं. कोणाला बायोडेटा बघून दिला, मुलाखतीत टाय लावायचा की नाही ते सांगितलं, तर त्याच हाकेतला मान कळू लागतो. मोठ्या कामात सहभाग म्हणावा असं अभ्यासिकेत एवढंच मिळतं.

बायकांसाठी या सेवेची किंमत पुरुषांपेक्षा जास्त आहे. नोकरी गेलेल्या बाईला कोणी 'घरी बसलीय' म्हणत नाही, 'घरीच आहेस ना' म्हणतात. मग गॅसचा सिलिंडर, सासूबाईंचा दवाखाना, भाचीचं डोहाळजेवण, सगळं तिच्याकडे. मारिएन्थालमध्येही बायकांना मोकळा वेळ नव्हताच. बाई नोकरी शोधते आहे हे घराला दिसतच नाही, कारण शोधणं हे बाहेरून मोबाइल बघण्यासारखं दिसतं. उंबऱ्याबाहेर पडून ती तीन तास अभ्यासिकेत गेली की ते दिसू लागतं. मुलींसाठी वेगळा हॉल आहे का, स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, जिन्यात दिवा आहे का आणि संध्याकाळी सातनंतर कोण थांबतं, एवढं पाहावं.

पहिल्या आठवड्यात त्या टेबलावर अर्ज करू नयेत, कागद मार्गी लावावेत. घरी हे कागद उघडले की सगळे गप्प होतात. अनुभवपत्र आणि रिलीव्हिंग लेटर मागून घ्यावं. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा कोणत्या तारखेला संपतो आणि तो वैयक्तिक पॉलिसीत बदलता येईल का, हे तर नोकरीच्या शेवटच्या दिवसाआधीच लेखी विचारून ठेवावं. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख चढली आहे का बघावं. मालकानं ती भरली नसेल तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी आधारवरच्या ओटीपीनं स्वतः भरता येते, मात्र ती शेवटचा हप्ता ज्या महिन्याचा त्याच महिन्यातली असावी लागते. नाव किंवा जन्मतारीख आधारशी जुळत नसेल तर दावा फेटाळला जातो, म्हणून गरज नसली तरी दुरुस्ती आताच करावी. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळानं ठरवलं की नोकरी गेल्यावर ७५ टक्के रक्कम लगेच आणि उरलेली १२ महिन्यांनी काढता येईल. तो पैसा शेवटचा धरावा, त्यातून अभ्यासिकेचं शुल्क भरू नये. पगारातून ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापला जात असेल तर नोकरी गेल्यावर भत्ता देणारी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना बघावी: सरासरी रोजच्या वेतनाच्या ५० टक्के, आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवस. गैरवर्तनासाठी काढलेल्याला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला ती मिळत नाही, आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते म्हणून सध्या लागू आहे का हे ईएसआयच्या शाखेत विचारावं. चाळीस हजार पगाराची माणसं हे वाचून पुढे जातील. पंधरा-अठरा हजारांवर फॅक्टरीत काम केलेल्यानं पुढे जाऊ नये.

दुसऱ्या आठवड्यापासून रोज चार तास पुरेत. पाचव्या तासाला शोधणं थांबतं आणि तेच पोर्टल पुन्हापुन्हा उघडणं सुरू होतं. 'तुमचा अर्ज पाहिला गेला' या ओळीकडे दिवसातून वीसदा बघण्यानं अर्ज पुढे सरकत नाही, छाती मात्र धडधडते.

अभ्यासिकेचा दुसरा दोष तिच्या चांगुलपणातूनच येतो. इथे लपणं फार सोपं आहे. कपडे करून, डबा घेऊन, ऑफिसला चाललो म्हणून बाहेर पडायचं आणि संध्याकाळी सहाला परत. हे करणारी माणसं वाईट नसतात. बहुतेकांना आईवडिलांची किंवा बायकोची काळजी वाटते म्हणून ती गप्प राहतात. पण लपवलेल्या दिवसाचा शीण खऱ्या कामाच्या दिवसाहून जास्त असतो, कारण दर संध्याकाळी ऑफिसात काय झालं ते रचून सांगावं लागतं. पगाराची तारीख आली की कर्ज काढून पगार दाखवला जातो आणि तिथून बाहेर येणं अवघड होतं. सांगताना सगळं एकदम सांगावं लागत नाही. आधी एका माणसाला सांगावं, आणि किती महिने पुरतील हा आकडा सोबत घेऊन सांगावं. आकडा समोर असला की ऐकणाऱ्याची भीती निम्मी होते.

अभ्यासिकेचा मालक उपस्थिती बघतो, चेहरा बघत नाही. कोणी तीन दिवस पुस्तक न उघडता बसला तरी शांततेचा नियम मोडलेला नसतो. दोन आठवडे झोप नाही, जेवण तुटलं, दारू वाढली, 'आपण नसलो तर यांचं बरं होईल' असं वाटू लागलं, तर ते अर्ज वाढवून जाणार नाही. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, फोन फुकट लागतो, मराठी निवडता येते आणि समुपदेशक गरज पाहून पुढे डॉक्टरांशी जोडून देतात. अभ्यासिका चालवणाऱ्यांनी नियमांच्या पाटीवर 'मोबाइल सायलेंट ठेवा'च्या खाली हा नंबर लिहावा, ही त्यांना मनापासून विनंती.

सोडताना बऱ्याच ठिकाणी महिनाभर आधी सांगावं लागतं, नाहीतर अनामत जाते. म्हणून अनामतीची पावती वेगळी मागून घ्यावी, त्यावर तारीख आणि परत मिळण्याची अट लिहून घ्यावी. ऑफर लेटर आलं की पहिल्या आनंदात लोक दुसऱ्याच दिवशी खुर्ची सोडतात. तसं करू नये. रुजू होण्याची तारीख पुढे ढकलली जाते, कागदांची पडताळणी लांबते, आणि हातात ऑफर असताना घरी काढलेले ते तीन-चार आठवडे आधीच्या तीन महिन्यांपेक्षा जड जातात. नव्या ऑफिसात पहिल्या दिवशी जाऊन आल्यावर संध्याकाळी अभ्यासिकेत जावं, लॉकर रिकामा करावा, चावी द्यावी आणि अनामत मोजून घ्यावी.